१२ टक्केवाली टी-५ यूव्हीबी ट्यूब: मुडदूस झालेल्या आमच्या पाळीव सरड्याला, हळकुंडाला, नऊ महिने लावली, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. आर्केडियाचं प्रो टी-५ किट, १२ टक्के यूव्हीबी (उन्हातले न दिसणारे अतिनील किरण), ३९ वॉट. घरात बिअर्डेड ड्रॅगन (मूळचा ऑस्ट्रेलियातला पाळीव सरडा) असेल तर घ्या. आणि कुणाचा तरी आबाळ झालेला, अर्धमेला बिअर्डी तुमच्या पदरात पडला असेल तर दगड, झोपाळे, शोभेची झाडं यातलं काहीही घ्यायच्या आधी हे घ्या. मी ऑक्टोबरात घेतलं, आता जुलै चालू आहे, रोज बारा तास चालू असते, आणि जो जीव एका जागेवरून उठत नव्हता तो आत्ता हे लिहिताना काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत उभा आहे.

आम्ही स्लाउला राहतो, लंडनच्या पश्चिमेला. माझ्या ऑफिसमधल्या एका बाईंच्या मुलाने हौसेने हा घेतला होता, मग मुलगा युनिव्हर्सिटीला गेला आणि हा वरच्या खोलीत राहिला. बाई वाईट नाहीत हं, त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. खिडकीत दोन फुटी काचेची टाकी, खाली वाळू, वाटीत सुकलेलं आइसबर्ग लेट्यूस आणि आठवड्यातून कधीतरी मूठभर मीलवर्म (खाद्याच्या अळ्या). "तो झोपलाय, थंडीत ते असेच झोपतात," असं त्या म्हणाल्या. हे प्राणी हिवाळ्यात मंदावतात हे खरं आहे, पण तेव्हा सप्टेंबर नुकता संपत आला होता आणि तो झोपलेला नव्हता, त्याच्यात डोळे उघडायची ताकद नव्हती. मी टाकीसकट उचलून घरी आणला. नवऱ्याला फोन पण नंतर केला.

किचनच्या काट्यावर ठेवला तर २१२ ग्रॅम. दोन वर्षांचा नर, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १७ इंच, एवढ्या अंगलटीचा निरोगी बिअर्डी सहज साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतो. डोक्यावर डोळ्यांच्या मागे दोन चरबीचे उंचवटे असतात तिथे खड्डे पडलेले, कमरेची हाडं वर आलेली, पाठीचे मणके मोजता येतील असे. तीन बोटांना जुन्या कातीच्या रिंगा आवळून बसलेल्या, त्यातल्या एका बोटाचं टोक काळं पडलेलं. आणि पुढच्या पायांची बोटं सारखी थरथरत होती, थांबतच नव्हती. ती थरथर मला नीट दिसली रात्री, सगळं घर झोपल्यावर, मोबाइलच्या उजेडात, आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

त्या रात्री आईला सांगलीला व्हिडिओ कॉल लागला (तिकडे पहाट). तिने त्याला बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर वाळकं हळकुंड दिसतंय." तेव्हापासून त्याचं नाव हळकुंड. लेकीने आधीच्या मालकाने ठेवलेलं नाव त्याच दिवशी रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्हेटकडे (डॉक्टरकडे) नेला. हे आवर्जून सांगते, कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात सरडे बघत नाहीत, आधी फोन करून विचारा, एक्झॉटिकवाल्या, म्हणजे असे वेगळे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडेच जा. तिने खालचा जबडा दोन बोटांत अगदी हलक्या हाताने दाबून दाखवला तर तो वाकला. जबडा वाकला! एक्सरेमध्ये हाडं ठळक पांढरी दिसायला पाहिजेत, याची धुरकट, आजूबाजूच्या मांसात विरघळल्यासारखी दिसत होती, आणि डाव्या पुढच्या पायात एक जुनं फ्रॅक्चर, आपोआप वेडंवाकडं जुळलेलं, ज्याची कुणाला खबरच नव्हती. कधी मोडला असेल, किती दुखलं असेल, तो काय ओरडून सांगणार.

या आजाराला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. व्हेटने समजावलं ते असं, की त्वचेवर यूव्हीबी किरण पडले की शरीर त्यातून व्हिटॅमिन डी३ बनवतं, डी३ असेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जातं, आणि ते नसेल तर तुम्ही कितीही कॅल्शियम खायला घाला, ते शोषलंच जात नाही. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर स्वतःच्याच हाडांतून ते काढत बसतं, हाडं मऊ पडत जातात आणि शेवटी रक्तातही कमी पडायला लागलं की स्नायू असे थरथरतात. मी हे सगळं आईला सांगितलं, ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे मुडदूस." आणि खरंच, मुडदूसच की. माणसाच्या पोराला ऊन मिळालं नाही तर होतो तोच. मी स्वतः इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी रक्ततपासणीत डी कमी निघालं होतं, इथली आरोग्यसेवा ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायचा विचार करा म्हणते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना तर वर्षभर. मग ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रखरखीत उन्हाच्या मुलखातला हा प्राणी, त्याला या ढगांखाली, तेही काचेमागे ठेवलं तर काय होणार?

आता ट्यूबचा मुद्दा. आधीच्या टाकीवर दिवा होता की! यूव्हीबी लिहिलेला, पिळाचा छोटा बल्ब, टाकीबरोबर स्टार्टर किटमध्ये आलेला. बाई म्हणाल्या होत्या की लाइट रोज लावतो, आणि खोटं नव्हतं ते. व्हेटकडच्या नर्सने मला सांगितलं होतं की बल्ब पण घेऊन ये. तिने तो एका स्टँडला लावला, चांगला झगझगीत पेटला, खोलीभर पांढरा उजेड, आणि त्याच्याखाली तिने टीव्हीच्या रिमोटएवढा, यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांची तीव्रता) मोजणारा एक पिवळट मीटर धरला. आकडा ०.०. तिने मीटर आणखी जवळ नेला. ०.०. मी बघत राहिले. दिवा पेटलेला आणि आकडा शून्य. मग तिने त्यांच्याकडची टी-५ ट्यूब लावली, मीटर धरला, आकडा सरसर चढला, आणि मधे फोटोफ्रेमची साधी काच धरली तर पुन्हा जवळजवळ शून्यावर आला. यूव्हीबी आपल्या डोळ्याला दिसत नाही, बल्बमधला यूव्हीबी संपला तरी उजेड तसाच पडत राहतो, आणि साधी काच यूव्हीबी अडवते. म्हणजे खिडकीतलं ऊन पण फुकट आणि तो बल्ब पण फुकट. दोन वर्षं हा प्राणी उजेडात बसून अंधारात होता.

घरी येताना चार फुटी लाकडी विव्हेरियम (सरडा ठेवायची पेटी, थोडक्यात विव्ह) सेकंडहँड उचललं (४ फूट लांब, २ रुंद, २ उंच, यापेक्षा लहान मोठ्या बिअर्डीला घेऊ नका) आणि हे किट मागवलं. मला पासष्ट पौंडाच्या आसपास पडलं. स्टार्टर किटमधल्या पिळाच्या बल्बच्या मानाने महाग वाटतं, मान्य, पण माझ्या पहिल्या व्हेटभेटीचं एक्सरेसकट बिल दोनशे ऐंशी झालं होतं, मग हिशोब तुम्हीच करा.

खोक्यात एकाच पट्टीत सगळं असतं. ट्यूब, मागे चकचकीत रिफ्लेक्टर, आतच बॅलास्ट (ट्यूबचा चोक), वायर आणि प्लग, वेगळं काही जोडायला नको. नवऱ्याने विव्हच्या छताला आतून वीस मिनिटांत बसवलं. रिफ्लेक्टरचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. ट्यूबचा प्रकाश चहूबाजूंना जातो, रिफ्लेक्टर नसेल तर त्यातला बराचसा छताकडे वाया जातो, असेल तर सगळा खाली प्राण्याच्या पाठीवर येतो. ३९ वॉटची ट्यूब ३४ इंच लांब आहे, म्हणजे चार फुटी विव्हचा एक कोपरा तिच्याबाहेर राहतो, आणि तो तसाच राहू द्यायचा, कारण त्याला उन्हातून सावलीत जाता आलं पाहिजे. किती ऊन घ्यायचं ते तो ठरवतो, आपण नाही. ट्यूब नेहमी वरून लावायची, बाजूने नाही, या प्राण्यांच्या भुवईचा कंगोरा डोळ्यांवर सावली धरतो, बाजूने लावलीत तर किरण थेट डोळ्यात जातात.

अंतर हा सगळ्यात नाजूक भाग आहे आणि लोक इथेच चुकतात. जाळी मधे न ठेवता पाठीपासून ट्यूब १२ ते १५ इंचांवर यावी असं मला सांगितलं होतं, जाळीवरून लावली तर जाळी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खाते, मग अंतर कमी करावं लागतं. आमचा हळकुंड तर फांदीवर चढूच शकत नव्हता, आणि मऊ हाडांच्या प्राण्याला उंच फांदी द्यायचीच नसते, पडला तर संपलं. मग काय केलं, जमिनीपासून ट्यूब २२ इंचांवर होती, तिथे दोन विटा एकावर एक, म्हणजे पाच इंच, त्यावर स्लेटची सपाट फरशी, त्यावर त्याची पाठ धरली तर बरोबर १५. वर जायला कॉर्कच्या सालीचा निजता उतार. नर्सकडून मीटर दोन दिवस मागून आणला आणि फरशीवर पाठीच्या उंचीला आकडा ४ च्या आसपास आला. व्हेट म्हणाली उत्तम. हा मीटर महाग असतो, विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण कुणाकडे मिळाला तर एकदा तरी मोजून घ्या.

आणि ही ट्यूब ऊब देत नाही. हे दहा वेळा सांगितलं तरी कमी आहे. उबेसाठी वेगळा हॅलोजन बल्ब लागतो, डिमर थर्मोस्टॅटवर (तापमान बघून बल्ब कमी-जास्त करणारं यंत्र), आणि तो ट्यूबच्याच बाजूला, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी मिळतात, उन्हात मिळतात तसे. फरशीवर ४० डिग्री, दुसऱ्या टोकाला २५. ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, तसंच पडून सडतं. म्हणून व्हेटने क्रम लिहून दिला होता, आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. उपाशी प्राणी बघितला की आपला जीव तुटतो आणि आपण पहिल्यांदा खायला घालायला धावतो, मी पण तेच करणार होते, तिने हात धरून थांबवलं.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले. वजन २०५ वर उतरलं. वाळू काढून खाली किचन पेपर घातला. सकाळी-संध्याकाळी कॅल्शियमचं सिरप, सुई नसलेल्या सिरिंजने. तोंड उघडायला जबरदस्ती अजिबात करायची नाही, जबडाच मऊ आहे, नाकाच्या शेंड्यावर एक थेंब सोडायचा आणि थांबायचं. कधी मिनिटभर, कधी पाच मिनिटं. मग हळूच गुलाबी जीभ बाहेर येते आणि थेंब घेऊन आत जाते. की दुसरा थेंब. ऑफिसच्या आधी पाऊण तास रोज हेच. (डोस किती ते इथे सांगणार नाही, तो प्राण्याच्या वजनावर आणि रक्ताच्या रिपोर्टवर व्हेटनेच ठरवायचा, डी३ची पावडर तर स्वतःच्या मनाने वाढवायचीच नाही, जास्त झालं तर तेही विषच.) उचलताना पूर्ण पोटाखालून दोन्ही तळहात, पायाला धरून कधीच नाही.

त्या दिवसांत मी त्याला स्वतः उचलून फरशीवर ठेवायचे. अकराव्या दिवशी सकाळी टायमरने ट्यूब लागली, मी चहा घेऊन समोर बसले होते, आणि त्याने डोळे उघडले. मान वर केली. मग डावा पाय, तो वेडावाकडा जुळलेला, कॉर्कवर ठेवला, थांबला, उजवा ठेवला, परत थांबला. पोट घासत घासत एवढासा उतार चढायला त्याला सहा-सात मिनिटं लागली. वर गेल्यावर त्याने पाठ दोन्ही बाजूंना पसरून पोळीसारखी चपटी केली आणि रंग गडद केला, ऊब ओढून घ्यायला ते तसं करतात. मी चहा विसरले. अर्ध्या-पाऊण तासाने तो गडदपणा ओसरायला लागला, आधी डोक्यावरून, मग खांद्यांवरून, आणि खालून पिवळा रंग वर आला. हळदीचा. आईने दिलेलं नाव तोपर्यंत फक्त सुरकुत्यांसाठी होतं, त्या सकाळी ते रंगालाही लागलं. लेकीला झोपेतून उठवून आणलं, ती म्हणाली आई हा तर पिवळा आहे, आपल्याला माहीतच नव्हतं.

त्यानंतर गाडी रुळावर आली. तिसऱ्या आठवड्यात थरथर कमी झाली, पाचव्यात थांबली. पहिला टोळ त्याने स्वतः पकडला तो नोव्हेंबरात (इथे खाद्य म्हणून जिवंत टोळ डब्यात विकत मिळतात), जीभ सट्कन गेली आणि चावल्याचा कुर्रर्र आवाज आला. मऊ जबड्याने तो आवाज आलाच नसता, माझ्यासाठी ती एक्सरेपेक्षा मोठी बातमी होती. पाल्यात मोहरीचा पाला, आमच्या जवळच्या इंडियन स्टोअरमध्ये सरसोंसाठी जुडी मिळते तीच, बागेतली डँडेलियनची पानं (आमच्या बागेत फवारणी करत नाही), बटरनट भोपळ्याचा कीस. पालक देऊ नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. अॅव्होकाडो तर विष. आणि गावाकडे किंवा पुण्या-मुंबईत कुणी पाळत असाल तर बागेतले किडे पकडून घालू नका, पावसाळ्याच्या तोंडावर काजवे असतात, आणि काही जातींचा एक काजवासुद्धा बिअर्डीचा जीव घेऊ शकतो. तिकडे तुम्हाला खरं ऊन मिळतं ते मात्र नशीब समजा, कोवळ्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यात, सावलीचा कोपरा ठेवून, समोर बसून. काचेच्या टाकीत उन्हात कधीच ठेवू नका, काही मिनिटांत भाजून मरेल.

जानेवारीत २९० ग्रॅम, आता ३८८. दुसरा एक्सरे मार्चमध्ये काढला, हाडांच्या कडा स्पष्ट, पांढऱ्या. जबडा घट्ट. डावा पाय वाकडाच राहणार, शेपटीजवळ मणक्याला एक बाक आहे तोही राहणार, आणि ते काळं पडलेलं बोटाचं टोक गेलं. मऊ झालेलं हाड घट्ट होतं पण ज्या आकारात घट्ट होतं तो आकार बदलत नाही, व्हेटने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. ट्यूबने आणि सिरपने सगळं पूर्ववत होईल अशा आशेने घेऊ नका, पण वेळेत लावलीत तर पुढचं वाकणं थांबतं.

विजेचं म्हणाल तर ३९ वॉट गुणिले १२ तास, दिवसाला अर्धं युनिट पण नाही, आमच्या दराने साधारण १२ पेन्स. हॅलोजनचं वेगळं. खरा आवर्ती खर्च ट्यूब बदलायचा. मी दर १२ महिन्यांनी बदलणार आहे, पेटत असली तरी. ही गोष्ट प्रत्येक दुकानदाराने बिलावर लिहून द्यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण त्या बाईंना कुणी एका वाक्यात सांगितलं असतं ना की बल्ब पेटतोय म्हणजे चालतोय असं नाही, तर या जिवाचे दोन वर्षांचे हाल झाले नसते. मी ट्यूबच्या टोकाला पांढरा टेप लावून त्यावर मार्करने तारीख टाकलीये.

आई मे महिन्यात आली. तिला सरड्यांची किळस, लहानपणी घरात सरडा दिसला की झाडू. पहिले चार दिवस लांबून. पाचव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ही विव्हसमोर खुर्ची टाकून बसलेली, हातात मोहरीचं पान, आणि काचेच्या फटीतून त्याला भरवतेय. "दुपारचं ऊन सोडून हा सावलीत गेला होता, मी म्हटलं भूक लागली असेल," म्हणाली. माझ्या लेकीला जन्मल्यावर तिनेच तेल लावून सांगलीच्या गच्चीत उन्हात धरलं होतं, तसंच बोलत होती त्याच्याशी, काय काय सांगत होती. परवा ती परत गेली. जाताना म्हणाली ट्यूब कधी बदलायची आहे ते विसरू नकोस. तेरा ऑक्टोबर. नवीन आणून कपाटात ठेवलीये.